जमीन हातची गेली की तिचं ज्ञान किती पिढ्या टिकतं?

नलिनी_अटलांटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जॉर्जिया राज्यात राहायला आल्यापासून इथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा इतिहास वाचतेय. वाचावं तितकं अस्वस्थ व्हायला होतं, म्हणून हा धागा काढला.

१९२० च्या गणनेत अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या वर कृष्णवर्णीय शेतकरी होते, म्हणजे साधारण दर सात शेतकऱ्यांमागे एक. आज ते पन्नास हजारांच्या आत आले आहेत, शेकडा दीडही भरत नाहीत. गुलामगिरी संपल्यावर या लोकांनी पै-पै जोडून जमीन घेतली होती, १९१० च्या सुमारास सुमारे दीड कोटी एकर त्यांच्या मालकीची होती. पुढं कुणाला सरकारी कर्ज नाकारलं, कुणाला गोऱ्यांच्या दहशतीनं गाव सोडायला लावलं, कुणाची जमीन कोर्टातल्या लिलावात गेली.

जमीन गेल्याचं आकड्यांत दिसतं. पण बी कसं राखायचं, कुठल्या वापशाला काय पेरायचं, दलदलीत कुठली वनस्पती औषधी, हे सगळं कुठं जातं? इथले आदिवासी आणि न्यू मेक्सिकोतले स्पॅनिश बोलणारे शेतकरी यांच्याबाबतही हाच प्रश्न आहे. माझं मत असं की ज्ञान टिकायला जमिनीवर हक्क लागतो. हक्क गेला की दोन पिढ्यांनंतर सण उरतात आणि चार पदार्थ उरतात. तुम्हाला काय वाटतं? आपल्याकडचे अनुभवही लिहा, पण नुसतं "आपल्याकडेही असंच" नको, नीट तपशिलात लिहा.

वाचक_सातारा

उत्तम विषय. वाचतोय. आपल्या पिढीला अमेरिकेतला कृष्णवर्णीय शेतकरी म्हटलं की कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरच आठवतात, ते वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे. जाणकारांनी त्यांच्यापासून सुरुवात करावी.

मृदा

कृषी खात्यात नोकरी केली आहे, आणि 'एक होता कार्व्हर' वाचूनच मृदाशास्त्राकडं वळले, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला आले तेव्हा पिढ्यानपिढ्या फक्त कापूस घेऊन तिथली जमीन पार निकस झाली होती. त्यांनी सांगितलेले उपाय बिनपैशाचे होते. दलदलीतला गाळ आणि जंगलातला पाला शेतात घाला, कापसानंतर चवळी, भुईमूग, रताळी घ्या. १९०६ मध्ये घोड्याची गाडी करून तिच्यावर अवजारं, बियाणं, खतांचे नमुने चढवले आणि शाळाच शेतकऱ्यांच्या बांधावर नेली. ऐकायला येणारे बहुतेक जण वाटेकरी होते, जमीन गोऱ्या मालकाची. नलिनीताई, तुमच्या मताला इथं एक अडचण येते. हक्क नसलेल्या लोकांमध्येही ज्ञान वाढलं, पसरलं.

दुसरी गोष्ट. कार्व्हरांनी सुचवलेली चवळी मुळात आफ्रिकेची. भेंडी, कलिंगड, तीळ ही पिकंसुद्धा गुलामांच्या जहाजांच्या वाटेनं अमेरिकेच्या दक्षिण भागात पोचली. मालकाच्या मळ्यात दिवसभर राबून झाल्यावर झोपडीमागच्या तुकड्यात गुलाम स्वतःसाठी जे लावत, त्यात ही पिकं जगली. ज्वारी, बाजरी आणि चवळी आपल्याकडं आली तीही आफ्रिकेतूनच, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी. आपल्या ताटातली भाकरी आणि चवळीची उसळ त्या अर्थी त्यांच्या पूर्वजांच्या निवडीतून आली आहे. शाळेच्या पुस्तकात हे का नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

खादाड_मंदार

म्हणजे भाकरी खाताना आफ्रिकेचे आभार मानायचे आणि ठेचा खाताना मेक्सिकोचे. आमच्या जेवणाला आता वेळ लागणार!

गोंयचो_बांध

मृदाताईंनी पिकांचं लिहिलं, मी पाण्याचं लिहितो.

दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाचा किनारा भातानं श्रीमंत झाला, म्हणजे मालक श्रीमंत झाले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात भात पिकवणं सोपं काम नव्हे. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गिनी-बिसाऊच्या किनाऱ्यावर, खारफुटी तोडून बांध घालायचे, पावसाच्या पाण्यानं मीठ धुवायचं आणि मग भात लावायचा, अशी शेती शतकानुशतकं चालत आली आहे. बांधाच्या पोटात पोकळ ओंडका घालून त्याला बूच बसवायचं, की पाणी हवं तेव्हा सोडता येतं. चार्ल्सटनच्या वर्तमानपत्रांत अठराव्या शतकात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत, त्यांत हे लोक भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरचे आहेत असं मुद्दाम छापत. माणसाबरोबर त्याचं ज्ञानही विकायला काढलं होतं. मला ती ओळ वाचवत नाही.

आमच्या गोव्यात खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली शेती. बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबानं आपोआप बंद होतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. कोरगुट भात खारं पाणी सोसतो. बांधाची देखभाल गांवकारी, म्हणजे जमीन सामाईक सांभाळणारी गावची संस्था, करायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्याय्यच झालं, पण बांधाची जबाबदारी कुणाची हे नीट बसलं नाही. आमच्या वाड्याशेजारचा बांध फुटला तो पुन्हा धड उभा राहिलाच नाही, आता तिथं खारफुटी माजली आहे. वडिलांना मानशीच्या दाराचं लाकूड कुठलं हवं, ते कधी बदलायचं, सगळं ठाऊक होतं. मला त्यातलं निम्मंच येतं. एकट्याच्या हक्कानं हे ज्ञान टिकत नाही, राखणारा समूह लागतो.

इतिहासप्रेमी

गोंयकारभाऊ, छान लिहिलंत. पण भाताच्या ज्ञानाचं श्रेय किती आफ्रिकनांचं आणि किती मळेवाल्यांच्या प्रयोगांचं, यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे. काहींचं म्हणणं, गुलाम कुठून आणायचे हे भाताच्या ज्ञानापेक्षा जहाजांच्या सोयीनं ठरत होतं. दुसरी बाजूही लक्षात असू द्या.

गोंयचो_बांध

वाद आहे हे मान्य. पण शेतात चिखलात उभं कोण होतं याबद्दल वाद नाही. सुपासारख्या विणलेल्या टोपल्यांत भात पाखडायची तिथली पद्धत पश्चिम आफ्रिकेतली आहे, आणि त्या टोपल्या गला-गीची समाजातल्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांतल्या, बायका आजही विणतात. चार्ल्सटनजवळच्या माउंट प्लेझंटला हमरस्त्याच्या कडेला त्यांच्या टपऱ्या आहेत. आता अडचण ही की टोपलीचं गवत जिथं उगवायचं तो किनारा बंगल्यांच्या कुंपणाआड गेला. हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला आणि पाठोपाठ रिसॉर्ट आले. हात शिकलेले आहेत, पण गवत तोडायला परवानगी मागावी लागते.

पाटकरी_धुळे

नलिनीताईंनी न्यू मेक्सिकोचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तिथं असेकिया म्हणून पाटांची व्यवस्था आहे, आजही सुमारे सातशे पाट चालू आहेत. स्पेनमधून आलेली पद्धत, आणि स्पेनला ती अरबांकडून मिळाली. पाटावरचे हक्कदार आपल्यातून एक मायोर्दोमो निवडतात, तो पाण्याची पाळी लावतो. वसंतात सगळे फावडी घेऊन पाट उपसतात. ज्याचा पाण्यात जितका हिस्सा, तितके मजूर त्यानं आणायचे.

आमच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत हेच काम पाटकरी करतो. बंधारा, पाट आणि फड, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट; एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कमी असेल त्या साली कुठले फड भिजवायचे ते सगळे बसून ठरवतात. माझे आजोबा पाटकरी होते. कुणाच्या बाऱ्याला किती वेळ द्यायचा ते सावलीवरून सांगायचे. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, तसं एकेका गावानं फड सोडला. न्यू मेक्सिकोत मात्र २००३ च्या कायद्यानं असेकियाला अधिकार मिळाला की पाण्याचा हिस्सा पाटाबाहेर विकायला ती नकार देऊ शकते. पाणी शहराला विकून मोकळं व्हायचा मोह तिथंही आहेच. नकाराचा अधिकार हाती आहे म्हणून पाट चालू आहेत. असा कायदा आमच्या फडांना मिळाला असता तर?

सुदाम_बीड

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण एक सांगतो. तुम्ही सगळे जमीन "गेली" म्हणताय. आमची कधी नव्हतीच.

माझा बाप सालगडी. मालकाच्या ऐंशी एकरांत कुठं चुनखड हाय, कुठं पाणी तुंबतं, कुठल्या तासाला तूर धरती, ते मालकाला ठाऊक नव्हतं, बापाला होतं. ज्ञान आमचं आणि सातबारा त्यांचा. मृदाताईंनी वाटेकऱ्यांचं लिहिलं ते मला लगेच पटलं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केली, ते उगाच नव्हतं. त्यांना दोन्हीकडचं दुखणं एकच दिसलं होतं.

पुढं दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यातून आमच्या लोकांनी गायरानं कसायला घेतली. आम्ही कसतो ते गायरान दगडगोट्याचं होतं. आईनं आणि चुलत्यांनी धोंडे वेचून ताली घातल्या, खालच्या अंगाला माती धरली, तवा बाजरी आली. आज तिथं कपाशी अन् तूर येती. पट्टा अजून नावावर नाही. एका कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्यात पाठवतात.

नलिनीताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: ज्ञान टिकतं, कारण पोट त्याच्यावर असतं. पण त्याला किंमत मिळत नाही, अन् पोराला ते शिकावंसं वाटत नाही. माझा मुलगा म्हणतो, जी जमीन उद्या हिसकावतील तिचं काय शिकू?

मृदा

सुदामदादा, तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून मी वर मांडलेला मुद्दा पुन्हा तपासतेय. ताली घातल्यानं माती धरली जाते, ती तयार व्हायला किती वर्षं लागली ते जमलं तर लिहा.

अनघा_मिनेसोटा

माझ्याकडून उत्तरेकडची बाजू. इथल्या ओजिब्वे आदिवासींचा तळ्यात उगवणारा रानभात, त्याला ते मनूमिन म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात दोघं जण होडीतून जातात. एक जण लांब बांबूसारख्या काठीनं होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी कणसं होडीत वाकवून झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे कणसातच राहतात आणि काही पाण्यात पडून पुढच्या वर्षीचं बी होतात. झोडपायचा हात हलका लागतो. मग दाणे वाळवायचे, भाजायचे, मऊ चामड्याचे जोडे घालून तुडवायचे आणि पाखडायचे. ओळखीच्या एका आजींनी मला पाखडायला बसवलं तेव्हा हात आपोआप चालला. त्या म्हणाल्या, तुला कुणी शिकवलं? म्हटलं, आईनं, तांदळावर.

तळ्याची पातळी वीतभर जरी वाढली तरी हा भात बुडतो. त्यामुळं धरण, खाण, तेलाची पाइपलाइन, सगळ्याशी त्यांचं भांडण आहे. व्हाइट अर्थ इथल्या ओजिब्वेंनी २०१८ मध्ये मनूमिनला स्वतःचे हक्क आहेत असा कायदाच केला. दुकानात स्वस्त मिळणारा "वाइल्ड राइस" बहुधा शेतात लावून यंत्रानं कापलेला असतो. घेताना लेबल बघा.

अवांतर: आपल्याकडं ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, तेव्हा कोकणात पाणथळीतला देवभात खायचे. कुणी अजून आणतं का?

सह्यकडा

अनघाताई, आमच्या आजीच्या वेळेपर्यंत आणायचे. आता तळ्यावर भराव पडला.

मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय. परवा कुठंतरी वाचलं की कॅलिफोर्नियात आदिवासी जंगल जाळतात आणि ते चांगलं असतं. कृपा करून असलं इथं पसरवू नका. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत वणवे लावतात, गवत चांगलं येतं या समजुतीनं. घरटी, सरडे, नुकती लावलेली रोपं, सगळं जळतं. आम्ही झोडपे घेऊन रात्र-रात्र विझवत असतो.

राब_जव्हार

सह्यकडा, तुमची तळमळ कळते. वणवा विझवायला मीही जातो. पण कारूक आणि युरोक लोक क्लामथ नदीकाठी जे करतात ते वेगळं. ठरलेल्या ऋतूत, ओल बघून, वारा बघून, गुडघ्याएवढी आग. हेझलचं झुडूप असं जाळलं की पुढच्या वर्षी सरळ, लांब काड्या फुटतात, त्याच टोपलीला चालतात. ओकखालचा पाला जाळला की पडलेल्या फळांतल्या किडी मरतात आणि पुढची फळं वेचायला जमीन मोकळी होते. कॅलिफोर्नियानं १८५० मध्येच कायदा करून आदिवासींच्या अशा जाळण्यावर बंदी घातली. शंभर-सव्वाशे वर्षं पाला साठत गेला आणि मग भडकल्या त्या आगी डोंगर गिळणाऱ्या. आता तिथलं वनखातं याच लोकांकडून शिकतंय.

आमचा राब, म्हणजे रोपाचा वाफा भाजायची पद्धत, तसाच. रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला, गवत, वर माती, आणि खालच्या बाजूनं नाही, वाऱ्याच्या विरुद्ध पेटवायचं. तणाचं बी मरतं, नागलीचं रोप तरारून येतं. इंग्रजांच्या जंगलखात्यानं राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. डोंगर पेटवून पळणारा माणूस आणि राब भाजून विझेपर्यंत तिथं बसणारा माणूस, हे दोघे एकाच यादीत घालू नका एवढंच.

सह्यकडा

वाफ्यापाशी विझेपर्यंत बसणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण "पारंपरिक ज्ञान" या नावाखाली डोंगर पेटवणाराही स्वतःला पाठीशी घालतो, ते थांबवायचं कसं? वणवा लावला कुणी हे गावाला माहीत असतं, नाव कुणी घेत नाही.

राब_जव्हार

जिथं गावाला जंगलाचा हक्क मिळालाय तिथं नाव घेतात, कारण जळतं ते गावाचं असतं. वनहक्क कायद्याचा हा फायदा कागदावर दिसत नाही.

नलिनी_अटलांटा

राबदादांनी आणलेला मुद्दाच मला पुढं न्यायचाय. आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळं हा धागा मराठीत काढावासा वाटला.

१९६९ मध्ये इथं जॉर्जियात, ऑल्बनी गावाजवळ ली काउंटीत, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांनी 'न्यू कम्युनिटीज' नावानं सुमारे पावणेसहा हजार एकर जमीन घेतली. चार्ल्स आणि शर्ली शेरॉड त्यात होते. मतदार म्हणून नाव नोंदवलं की मालक कुळाला हाकलून द्यायचा, म्हणून कुणी हाकलू शकणार नाही अशी जमीन हवी होती. मालकी संस्थेची, वापर कुटुंबांना दीर्घ भाडेपट्ट्यानं. ही कल्पना मांडणारे रॉबर्ट स्वान यांनी प्रेरणा घेतली होती विनोबांच्या ग्रामदानातून, म्हणजे गावची जमीन गावाच्या नावे करण्याच्या चळवळीतून. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या, पवनारला राहणाऱ्या माणसाचा विचार दक्षिण जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपर्यंत पोचला. अमेरिकेतला हा पहिला सामुदायिक भूमी-न्यास मानतात.

पुढं राज्यपालांनी केंद्राचं अनुदान अडवलं. दुष्काळ पडला तेव्हा गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारं तातडीचं कर्ज यांना वेळेवर मिळालं नाही. १९८५ मध्ये जमीन गेली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी शेतकी खात्यावर केलेल्या भेदभावाच्या खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली, त्याच प्रक्रियेत या संस्थेला २००९ मध्ये सुमारे सव्वा कोटी डॉलर भरपाई मंजूर झाली. २०११ मध्ये त्यांनी ऑल्बनीजवळच सोळाशे एकरांचा जुना मळा घेतला, जो एकेकाळी राज्यातल्या मोठ्या गुलाममालकाचा होता. तिथं पिकान या अक्रोडासारख्या फळाच्या बागा आहेत, शेतकऱ्यांना प्रशिक्षण मिळतं.

मधल्या पंचवीस वर्षांत जमीन नसताना हे लोक एकमेकांना धरून राहिले. म्हणून माझ्या मूळ मताला एक पुस्ती जोडते: हक्क गेला तरी संघटना शाबूत असेल तर ज्ञान परतायला वाट उरते.

वाचक_सातारा

विनोबांचं हे माहीत नव्हतं! वाचनखूण साठवली.

कुळकायदा

वकिली करतो. नलिनीताईंनी लिलावाचा ओझरता उल्लेख केला, तो विस्तारानं हवा. कृष्णवर्णीय कुटुंबांत मृत्युपत्र करायची रीत कमी, कारण कोर्टावर विश्वास नाही. मग जमीन सगळ्या वारसांची सामाईक. आपल्या सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात तसं. तिथं बिल्डर एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेई आणि कोर्टात वाटप मागे. वाटप अवघड म्हणून कोर्ट सगळी जमीन लिलावात काढी, घेणारा तोच बिल्डर, मिळेल त्या भावात. किनाऱ्यावरच्या गला-गीची लोकांची कितीतरी जमीन अशी गेली. २०१० मध्ये याविरुद्ध नमुना कायदा तयार झाला, वीसहून जास्त राज्यांनी स्वीकारला. आता विकू मागणाऱ्याचा हिस्सा घ्यायची पहिली संधी कुटुंबाला आणि किंमत मूल्यांकनानं.

ग्रामदान संपलेलं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गावानं महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचा निर्णय घेतला. कसायचा आणि वारसाचा हक्क कुटुंबाकडंच राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा आणि गावाबाहेर विक्री नाही. गोंड लोकांना बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा हे आधीपासून ठाऊक होतं. फरक हा की आता ठरवायचा अधिकारही त्यांचाच आहे.

सुदाम_बीड

कुळकायदासाहेब, आमच्या गायरानाला यातलं काही लागू पडंल का? आमची पंधरा घरं आहेत, बायकांचा बचतगट मजबूत आहे. एकेकट्याच्या नावापेक्षा सगळ्यांच्या नावानं झालं तर कुणी फोडू शकणार नाही.

मृदाताई, तालीचं विचारलंत ते आईला विचारलं. म्हणाली, पहिल्या पावसात ताल फुटली, दुसऱ्या साली तळाला मोठे धोंडे अन् वर बारीक असं रचलं तवा टिकली. हाताला माती लागायला सात-आठ पावसाळे गेले.

कुळकायदा

सुदामदादा, गायरान मुळात सरकारची जमीन, त्यामुळं ग्रामदानाचा विचार पट्टा मिळाल्यानंतरच. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून कसत असाल तर १९९१ च्या शासननिर्णयाखाली दावा मांडता येतो. त्यासाठी पुरावा लागतो: दंडाच्या पावत्या, पंचनामे, तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीतले उतारे. पंधराही घरांनी आपापली कागदं एकत्र करून यादी बनवा, प्रत्येकाच्या दोन प्रती काढा आणि मूळ कागद कुठल्याही कार्यालयात देऊ नका. आईंची ताल कोणत्या साली घातली ते गावातल्या दोन वयस्कर माणसांच्या जबाबात लिहून घ्या, तेही कामी येतं. यादी झाली की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघून देतो.